पाणाड्याचा नारळ आणि गॅसची लाइन

पुण्याहून पहाटे निघाले तेव्हा सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने विचारलं, "मॅडम, शिर्डीला का?" नगरच्या रस्त्याला लागलेला माणूस शिर्डीलाच जाणार, याबद्दल पुण्यात कुणाच्या मनात शंका नसते. मी म्हटलं, "नाही हो, खर्ड्याकडे." त्याने खर्डा म्हणजे मिरचीचा, असं धरून मान डोलावली आणि फाटक उघडलं.

माझा प्रवास तसा समजावून सांगायला कठीणच. गॅसच्या पाइपलाइनीची सुरक्षा तपासणी हे माझं काम. लाइन टाकणारी कंपनी आपली लाइन आपणच बघते, पण नियम असा की अधूनमधून बाहेरच्या कुणीतरी येऊनही ती बघावी. ती बाहेरची म्हणजे मी. लाइन असते जमिनीत कमरेइतकी खोल. वर दिसतात ते फक्त पिवळे खांब: 'सावधान! खाली गॅस वाहिनी. खोदू नये.' लोक हिरवे डोंगर बघायला जातात, मी पिवळे खांब बघायला जाते. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने माझे प्रवासातले फोटो बघायला घेतले होते. बारा-पंधरा खांब झाल्यावर तो म्हणाला, "यातला वेगळा कुठला असेल तर तेवढाच दाखव."

एसटीने नगरला पोचले तेव्हा ऊन चढू लागलं होतं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच. बायपासला जीप घेऊन भाऊसाहेब उभे होते. हे कंपनीचे लाइनमन, म्हणजे रोज लाइनीवरून फिरून कुठे खोदकाम, बांधकाम होत नाही ना हे बघणारे. अंगाने जाड, मिशी भरदार, आणि बोलणं असं की दर वाक्याआधी एक सुस्कारा.

"मॅडम, आधी हाटेलात चला," ते म्हणाले. मला वाटलं, चहाला. पण नाही. बायपासवरच्या एका हॉटेलात सकाळपासून गॅसचा वास येत होता आणि मालकाने घाबरून सगळ्या शेगड्या बंद ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकं आत येत होती आणि ताक पिऊन बाहेर पडत होती.

नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. मी हॉटेलच्या मागच्या बाजूला गेले आणि खरंच, तोच वास. जवळच आमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह होता. गळती मोजायचं यंत्र काढलं, व्हॉल्व्हपाशी धरलं. शून्य. जमिनीलगत धरलं, शून्य. मोरीत, भिंतीच्या भेगेत, सगळीकडे शून्य. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं काढलं. त्यानेही शून्यच दाखवलं, आणि वास तर असा की डोळ्यांतून पाणी.

"यंत्राला सर्दी झाली असंल," मालक गंभीरपणे म्हणाले.

शेवटी यंत्र पिशवीत टाकलं आणि मी आणि भाऊसाहेब नुसत्या नाकाने निघालो. वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला भिंत, भिंतीपलीकडे कांद्याची चाळ. चाळीच्या (कांदा साठवायची जाळीची लांबट खोली) तळाचा कांदा सडून त्याचा काळा चिखल झाला होता. सडक्या कांद्याचा आणि आमच्या गॅसचा वास म्हणजे सख्खे चुलतभाऊ.

"ही चाळ कुणाची?" मी विचारलं.

मालकांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग चपलेकडे. "आपलीच हाय. भाव यायची वाट बघत हुतो." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, गावात गॅसच लीक झाला हुता असं सांगितलं तर चालंल का? कांदा सडला म्हनलं की लई हसत्यात हो."

चालणार नाही, असं सांगून आम्ही चहा घेतला. चहालाही किंचित कांद्याचा वास होता.

मिरजगावपर्यंतचा रस्ता सोलापूरच्या हमरस्त्याने. दोन्ही बाजूंना तुरी, मधूनच ज्वारी, आणि मग नुसतं उघडं माळरान. जिथे लाइन रस्ता ओलांडते तिथे उतरायचं, खांब बघायचा, पुढे जायचं. माझ्या अंगात पिवळं जाकीट आणि डोक्यावर पांढरं हेल्मेट. या वेषातला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहिला की तो विजेच्या ऑफिसचा, हे इथे सर्वमान्य आहे. मिरजगावच्या बाजारात एका आजोबांनी माझी वाट अडवून विचारलं, "बाई, डीपी कधी बसिवता?" डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. मी गॅसची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "बरं, गॅसची तर गॅसची. पर तिकडं गेलात तर डीपीचं तेवडं सांगा." मी हो म्हटलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

एका खांबाला शेळी बांधलेली सापडली. एकाला कुणीतरी शेंदूर लावून पुढे खडीसाखर ठेवली होती. भाऊसाहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "असू द्या मॅडम. द्येव झालेला खांब कुनी उपटत न्हाई." याहून पक्की सुरक्षा मला नियमांच्या पुस्तकातही सापडली नसती.

मिरजगाव सोडून आम्ही जामखेडच्या बाजूला वळलो. इकडे जमीन हळूहळू खडकाळ होत जाते, आणि गावं अर्धी रिकामी. ऊसतोडीच्या हंगामात घरंच्या घरं कारखान्यांच्या बाजूला गेलेली असतात. दारांना कुलपं, ओट्यावर एखादी म्हातारी किंवा कुत्रं. अशाच एका गावाबाहेर भाऊसाहेबांनी जीप थांबवली. इथे खांबांची ओळ तुटली होती. दोन होते, आणि त्यांच्या मधला गायब.

"हितंच हुता," ते म्हणाले. "मी परवा दुसऱ्या बाजूला हुतो, न्हाईतर..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण तुरीच्या पलीकडून एक आवाज सुरू झाला. आधी घरघर, मग धडधड. हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. बोअरवेलच्या गाडीचा कॉम्प्रेसर.

आम्ही दोघं पळालो. मी पन्नाशीची, गुडघे दुखरे, पायात जड बूट. भाऊसाहेबांचं पोट त्यांच्या पुढे. ढेकळांतून कसे पोचलो ते देवाला ठाऊक. शेताच्या मधोमध बोअरची उंच गाडी चारी पाय रोवून उभी होती. तिच्या तोंडाखाली हळदकुंकू, लिंबू, फोडलेला नारळ आणि पेटलेला कापूर. गॅसची लाइन आणि त्यावर पेटता कापूर हे बघून वीस वर्षांची सवय माझ्या डोक्याआधी हातात उतरली. मी पुढे झाले आणि बुटाने कापूर विझवला.

"अगं बाई!" एक म्हातारी किंचाळली. "पूजा तुडवली गं हिनं!"

गाडीवरच्या माणसाने माझं पिवळं जाकीट बघितलं, कॉम्प्रेसर बंद केला आणि घाईघाईने गाडीचे सगळे कागद काढून माझ्यापुढे धरले. त्याचं नाव सेल्वम, तामिळनाडूचा. मी परिवहन खात्याची आहे असं त्याला वाटलं होतं.

शेताचा मालक आजिनाथ, चाळिशीचा, पांढरा सदरा घालून खास तयार झालेला. किंचाळली ती त्याची आई, कौसाबाई. आणि एका बाजूला काठीवर हनुवटी टेकून उभे होते गहिनीनाथ आबा, पंचक्रोशीतले नामी पाणाडे (जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगणारे). नारळ तळहातावर आडवा ठेवून ते शेतातून चालतात. जिथे नारळ उभा राहतो तिथे पाणी. इथे तो ताडकन उभा राहिला होता म्हणे.

मी धापा टाकत सांगितलं, "इथे खाली गॅसची लाइन आहे. खोदायचं नाही."

"बोर्ड कुठं हाय?" आजिनाथ म्हणाला, आणि असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

वाद घालण्यापेक्षा यंत्र बरं. लाइन शोधायचं एक यंत्र असतं. जवळच्या तपासणीच्या खांबाला त्याचा एक भाग जोडायचा, दुसरा हातात घेऊन चालायचं. पाइपाच्या बरोबर वर आलं की ते जोरात शिट्टी मारतं. आजिनाथ, कौसाबाई, आबा आणि सेल्वम मागे, मी पुढे, अशी मिरवणूक निघाली. यंत्र कुरकुरत होतं. हळदकुंकवापाशी आले आणि ते अशा आवाजात किंचाळलं की कावळे उडाले.

गहिनीनाथ आबांनी काठी वर केली. "बघा! माजा नारळ आन बाईचं मशीन एकच सांगतंय! खाली वाहतंया!"

"व्हय की!" आजिनाथ आनंदाने ओरडला. "सेल्वम, चालू कर!"

माझ्याच यंत्राने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. सेल्वमला मराठी जेमतेम, त्याला 'चालू कर' एवढंच कळलं. कॉम्प्रेसर पुन्हा धडधडला. दांडा खाली यायला लागला. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग मी जे केलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी लिंबू बाजूला सारलं आणि हळदकुंकवावर मांडी घालून बसले.

दांडा माझ्या हेल्मेटच्या वर हातभर अंतरावर थांबला. मशीन बंद झालं. मी वर बघितलं नाही.

"नीचे गॅस है," मी सेल्वमला म्हटलं. "बडा पाइप. मारोगे तो तुम, मैं, ये सब... खतम."

सेल्वमने एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे चालत पार टोकाच्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. त्यानंतरची सगळी बोलणी त्याने तिथूनच ओरडून केली. त्याचं म्हणणं एवढंच, की संध्याकाळी गाडी दुसऱ्या गावाला जाणार. खोदायचं असेल तर जागा दाखवा, नाहीतर राम राम.

कंपनीला कळवायला भाऊसाहेबांना रेंज हवी होती, आणि रेंज होती टेकडीवर. ते गेले आणि मी उरले. उठले असते तर परत कुणी 'चालू कर' म्हणालं असतं, म्हणून मी उठले नाही.

आजिनाथ माझ्यासमोर उकिडवा बसला. "मॅडम, किती दिसानं गाडी आलीया ठावं हाय का? बाग लावलीय लिंबोणीची. टँकरनं किती दिस जगवू?" त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकायला जड गेलं. पलीकडे गुडघ्याएवढी लिंबाची झाडं ओळीने उभी होती. पानं आत वळलेली.

"दुसरीकडे घ्या ना बोअर. लाइनीपासून लांब."

"आबा एकदाच पॉइंट काडत्यात. दुसरा काडला मंजी पयला चुकला आसं हुतं."

आबा काठी धरून दगडासारखे उभे होते. नारळ चुकला म्हणायला ते मेले तरी तयार नव्हते.

कौसाबाई मात्र माझ्याभोवती चक्कर मारून गेली, मला निरखून बघितलं आणि विचारलं, "खरंच गॅस हाय का खाली?"

"खरंच."

"सैपाकाचा?"

"स्वयंपाकाचाही."

"मग आमच्या रानातून जातोय तर आमाला का न्हाई? मी अजून काटक्या येचते."

मी म्हटलं, "मावशी, ते माझ्या हातात नाही." ती म्हणाली, "तुज्या बुडाखाली हाय आन हातात न्हाई," आणि घराकडे निघून गेली.

मला वाटलं, आता काठी घेऊन येते. ती आली ती ताट घेऊन. हुलग्याचे शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या कड्या, लसणीच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या), भाकरी आणि कांदा. "पूजा तुडवली ती तुडवली," ती म्हणाली, "पर दुपारचं कुनी आमच्या रानात उपाशी बसायचं न्हाई." गॅसच्या मुख्य वाहिनीवर मांडी घालून शेंगोळे खाणारी मी देशातली पहिलीच तपासनीस असेन. रस्सा इतका तिखट होता की नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते बघून कौसाबाईला वाटलं, मी रडतेय. तिने डोक्यावर हात ठेवून "उगी, उगी" म्हटलं.

पोटात अन्न गेल्यावर मला शहाणपण सुचलं. मी आबांना हाक मारली.

"आबा, तुमचा नारळ चुकला असं कोण म्हणतंय? माझं यंत्र परदेशातून आलंय. ते जे सांगतं तेच तुमच्या नारळाने सांगितलं. खाली वाहतंय."

"व्हय," आबा सावधपणे म्हणाले.

"फक्त काय वाहतंय ते नारळाने सांगितलं का?"

आबांनी कपाळावर हात मारला. "मी इचारलंच न्हाई! नारळ सांगतो वाहतंया. काय वाहतंया ते इचारावं लागतं."

त्यांनी नवा नारळ मागवला, तळहातावर ठेवला आणि मोठ्याने बजावलं, "पाणी दाव. गॅस नगं." मग निघाले. आम्ही सगळे बघत राहिलो. मी बसल्या जागेवरून मान वळवत. लिंबोणीच्या कडेने, उतारावरून, पार बांधापर्यंत आबा गेले आणि थांबले. नारळ उभा राहिला होता.

आणि त्याच्या शेजारी, बांधावर, तुरीच्या आडोशाला एक पिवळा खांब उभा होता. 'सावधान! खाली गॅस वाहिनी. खोदू नये.'

टेकडीवरून परत येणाऱ्या भाऊसाहेबांना तो माझ्याआधी दिसला. "मॅडम!" ते लांबूनच ओरडले, "आपला हरवलेला खांब!"

सगळ्यांनी आजिनाथकडे बघितलं. तो सदऱ्याची बटणं मोजू लागला. "ट्रॅक्टरला आडवा येत हुता," तो पुटपुटला. "आन... दिगंबर बांध कोरायचा."

दिगंबर म्हणजे बांधाला लागून शेत असलेला त्याचा चुलतभाऊ. दर नांगरटीला तो बांधाचा एकेक घास खायचा, असा आजिनाथचा आरोप. म्हणून आजिनाथने सरकारी दिसणारा 'खोदू नये' चा खांब उपटून बांधावर रोवला होता. आणि गंमत अशी, की दिगंबरने तो पाळला होता. नांगर खांबापासून चांगला लांब ठेवत होता. ज्या जागी नियम लागूच नव्हता तिथे तो अक्षरशः पाळला जात होता.

बोअरची गाडी बांधाकडे सरकताना बघून दिगंबर धावत आला. "आरं, खोदू नये लिवलंय! गॅस हाय खाली! मरशील आजिनाथ!"

"न्हाई खाली काय," आजिनाथ मान खाली घालून म्हणाला.

दिगंबरला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. दोघं एकमेकांच्या गळ्यापर्यंत पोचले. मध्ये कौसाबाई शिरली. "बांधावरचं पाणी दोघांचं," ती म्हणाली. "बांध बी दोघांचा. आता भांडलात तर गाडी जाईल, मग भांडा कोरड्या बोअरपाशी." दिगंबरने स्वतःच्या शेताकडे बघितलं. त्याचीही तूर सुकत होती. तो बाजूला झाला.

मी यंत्र घेऊन बांधावर गेले. लाइनीपासून सोडायच्या ठरलेल्या अंतरापेक्षा ही जागा कितीतरी लांब होती. यंत्र चिडीचूप.

"मशीन गप हाय," आजिनाथ घाबरून म्हणाला. "मंजी पाणी न्हाई?"

"यंत्राला पाणी कळत नाही."

"म्हनून तर नारळ लागतो," गहिनीनाथ आबा म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांची-माझी दोस्ती झाली.

माझं काम खरं तर तिथे संपलं होतं. पण मी थांबले. दांडा खाली जात राहिला आणि वर नुसता पांढरा फुफाटा उडत राहिला. माझं हेल्मेट, आबांचा पटका, भाऊसाहेबांची मिशी, सगळं पिठात लोळल्यासारखं. माझ्या मनात एकच विचार, मी जिथून यांना हलवलं तिथे खरंच पाणी असतं तर? असं काही नसतं, हे मला शास्त्राने माहीत आहे. पण त्या बांधावर शास्त्राचा आधार कमी पडत होता. कौसाबाईने माझा हात धरला होता आणि तो मी सोडवला नाही.

मग फुफाटा थांबला. आधी ओलसर चिखल आला, राखाडी. सेल्वम पहिल्यांदा हसला. आणि मग गदळ पाण्याचा झोत वर उसळला आणि आम्हा सगळ्यांवर पडला. आजिनाथ आणि दिगंबर काही वेळापूर्वी एकमेकांचे गळे धरत होते, ते आता एकमेकांना चिखल फासत होते. "दीड इंची पाणी!" कुणीतरी ओरडलं. फार नाही, पण लिंबोणीला पुरेल. कौसाबाईने ओंजळ भरून पहिलं पाणी मला पाजलं. मचूळ होतं. मी गोड आहे म्हटलं.

निघण्याआधी खांब मूळ जागी रोवला. माझ्या देखत, हाताने, जेमतेम वीतभर खड्डा घेऊन, आणि दोन्ही चुलतभावांनी मिळून. कंपनीची माणसं येऊन मोजमाप करून गेली. भाऊसाहेबांनी दिवसभरातला सर्वांत मोठा सुस्कारा टाकला.

दुसऱ्या दिवशी लाइनीचं उरलेलं टोक तपासून झालं आणि हाताशी वेळ होता, म्हणून खर्ड्याचा किल्ला बघितला. उन्हात तापलेली दणकट तटबंदी, आत गवत, आणि एक शाळेची सहल. मास्तर मुलांना मराठे आणि निजामाच्या लढाईबद्दल सांगत होते, कोण कुठून आलं, कोण हरलं. मुलं तन्मय होऊन ऐकत होती. मी तटाच्या सावलीत बसले. अंगाला अजून बोअरच्या धुळीचा वास येत होता. मनात आलं, जिथे काही भयंकर घडलं तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या सहली काढतात. आणि माझ्या कामाचं फळ म्हणजे एखादं शेत, जिथे काही घडलं नाही. तिथे कुणी पाटी लावत नाही. मुलांना तिथे काय दाखवणार? इथे एक बाई बसली होती आणि मग ती उठली, एवढंच.

घरी पोचले तेव्हा नवरा चहाला आधण ठेवत होता. निळी ज्योत शहाण्यासारखी जळत होती. "काय काय बघितलंस?" त्याने विचारलं.

मी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. पिवळा खांब, मागे लिंबोणी, आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना चिखलाने माखलेले दोन चुलतभाऊ, एकमेकांकडे न बघता उभे. त्याने फोटो मोठा करून नीट बघितला.

"हा वेगळा आहे," तो म्हणाला. "इथे काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पाय पसरून बसले.